भागोजी मुकादमाचा घसा

मुंबईच्या बोटीच्या दिवशी सकाळी भागोजी मुकादमाने चहासाठी बायकोला, चिमाला, हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा बाहेर आली. त्याने पुन्हा जोर लावला. अंगणातली कोंबडी जागची हललीसुद्धा नाही, तेव्हा आपला घसा पुरता बसल्याचे त्याच्या लक्षात आले.

गोष्ट साधी नव्हती. रत्नागिरीच्या त्या अंगाला मुकादम म्हणजे गळा, असेच लोक धरून चालत. भागोजीच्या बापाने आंब्याच्या बागेत शिवी दिली की खाडीपलीकडचे गडी कामाला लागत म्हणे. त्यात बागेची मालकीण खुर्शीदबी यंदा मुकादम बदलायच्या विचारात होती. गेल्या साली तिच्या नावाच्या सहा पेट्या मुंबईत नासक्या निघाल्या होत्या. "भागोजी, या बोटीला साठ पेट्या जायच्या. एक जरी नासकी निघाली तर मी दुसरा माणूस बघीन," असे तिने बजावले होते. म्हणून आदला दिवसभर भागोजी ओरडला होता. त्याचे हे फळ.

चिमाने मिठाच्या गुळण्या दिल्या, ज्येष्ठमध दिला. काही उपयोग झाला नाही.

"मी सांगंन सगळ्यांना, घसा बसलाय म्हणून," ती म्हणाली.

भागोजीने तिच्यापुढे हात जोडले. लग्नाला अठरा वर्षे झाली होती आणि हे प्रथमच घडत होते. चिमाला इतके बरे वाटले की तिने गप्प राहायचे कबूल केले.

बागेतल्या मांडवात गडी पहिल्या शिवीची वाट पाहत बसले होते. तिच्याशिवाय कामाला हात लावायचा रिवाज नव्हता. भागोजी आला, उभा राहिला आणि सगळ्यांकडे नुसता बघत राहिला. घशात टोचले म्हणून त्याने गळ्यावरून एक बोट फिरवले. झाडावर चढण्यात पटाईत असलेल्या शिवाने ते पाहिले आणि त्याच्या हातातली विडी विझली.

"चिमावैनी, दादा बोलत का नायत?" त्याने हळूच विचारले.

"आज त्यांच्या तोंडातनं शबुद निघायचा नाय," पेटीत पेंढा घालता घालता चिमा म्हणाली. तिने खोटे काहीच सांगितले नव्हते.

गडी पटापट उठले. ओरडणारा मुकादम त्यांना सवयीचा होता. हा गप्प मुकादम कोणालाच माहीत नव्हता. तासाभरात भागोजीला उभे राहवेना, म्हणून तो खिळे मारून तयार असलेल्या एका पेटीवर जाऊन बसला. झाले! शिवा झाडावरून घसरतच खाली आला.

"दादानू, तुमाला कळला वाटतं. त्याच पेटीत हायत."

भागोजीने तोंड उघडले आणि मिटले.

"पडीचं आंबं, दादानू. माझ्या हातातनं पडलं. काल सांगायला येत व्हतो, पण लांबूनच तुमी माझ्या बापाचा उद्धार केलाव. म्हणून घातलं तळाला. बारा पेट्यांत असतील." शिवाने डोळे पुसले. "गेल्या सालीबी असाच झाला."

पाठोपाठ पेट्या भरणारी गंगा आली. त्याच पेट्यांतला पेंढा दवात भिजला होता, तेही तिला कालच सांगायचे होते. भागोजीच्या मनात शिव्यांची अख्खी रांग उभी राहिली. पण घशाचे दार बंद होते. नाइलाजाने त्याने सगळे ऐकून घेतले, आणि ऐकता ऐकता त्याला वाईट वाटू लागले. सहा पेट्या नासल्या त्या आपल्या आवाजाने, हे त्याला कोणी सांगू शकले नव्हते. कारण सांगायला त्याने जागाच ठेवली नव्हती.

त्याने पहार उचलली आणि पहिली पेटी स्वतः फोडली. बाराही पेट्या उपसल्या, कोरडा पेंढा आणला, पण वेळ कोणासाठी थांबणार? अठ्ठेचाळीस पेट्या बंदरावर पोचल्या आणि बोटीने भोंगा दिला.

संध्याकाळी खुर्शीदबी आली. "बारा पेट्या ऱ्हायल्या कशा? चूक कोणाची?"

सगळ्यांच्या नजरा शिवाकडे वळल्या. भागोजीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आवाज असता तर त्याने शिवाचे नाव तीनदा घेतले असते, हे तो स्वतः जाणून होता.

मग शिवाच पुढे झाला आणि त्याने सगळे सांगितले. गंगानेही सांगितले. खुर्शीदबीने एक काळा पडलेला आंबा हातात घेऊन दाबून पाहिला.

"इतकी वर्सं तू ओरडलास भागोजी, पण या बागेतली एक खरी गोष्ट माझ्या कानावर आली नाय," ती म्हणाली. "पुढच्या सालीबी तूच मुकादम. पण असाच गप ऱ्हायलास तर."

चौथ्या दिवशी भागोजी बागेच्या टोकाला एकटाच उभा असताना लाल मुंग्या त्याच्या धोतरात शिरल्या. जी आरोळी उठली, ती बापाच्या तोडीची होती. मांडवातले सगळे हात जागीच थांबले. थोड्या वेळाने भागोजी गळ्यावर हात ठेवून, खाली मान घालून आला.

शिवाने चिमाकडे पाहिले. चिमाने पेटीतून डोके वर काढले नाही.

"वानर असंल," ती म्हणाली.

"मोठा असंल," शिवा म्हणाला आणि झाडावर चढला.

भागोजी पेटीवर जाऊन बसला. जरा वेळाने गंगा पदराला हात पुसत जवळ आली. "दादानू, एक सांगायचा व्हता."

भागोजी सरकला आणि त्याने तिला पेटीवर जागा करून दिली.