सात नंबरची सरळ रेघ

"आमचं मशीन खोटं बोलत नाही हो!" जावईबापूंनी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं.

अतिदक्षता विभागात खाटेखाटेला हृदयाचे ठोके दाखवणारी सिस्टिम त्यांच्याच कंपनीची. तिच्या पोटातलं कर्नेल, म्हणजे प्रोग्रामांना मेमरी वाटणारा कारभारी, खुद्द जावईबापूंच्या हातचं. आणि सात नंबरच्या खाटेवर सकाळपासून सासरे, ठोके बहात्तर!

त्या कारभाऱ्याला मात्र एक खोड होती. एक प्रोग्राम मेमरीचा तुकडा वाचत असतानाच तो तुकडा दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. पाहुणा न्हाणीघरात साबण लावून उभा, आणि लॉजवाल्याने खोलीची किल्ली नव्या गिऱ्हाइकाला दिलेली! मग एकाच्या खोलीत दुसऱ्याचं सामान! लाखात एकदा व्हायचं, पण व्हायचं. ही चूक, म्हणजे चोर, पकडायला जावईबापूंनी कोडात एक ओळ घातली: दर वेळी 'मी अजून आत आहे' अशी नोंद कर. झालं! नोंद लिहिण्यात कारभाऱ्याला क्षणभर उशीर होऊ लागला, तेवढ्यात पाहुणा आंघोळ उरकून बाहेर! चोर गायब.

"साहेब, लॉक घाला," कंपनीतल्या टेस्टरबाई कळवळून म्हणाल्या.

"चोरच नाही, तर कुलूप कुणासाठी, बाई?"

दुरुस्ती झाल्याची सही त्यांनी ठोकली. आणि काल, नवी आवृत्ती इथे बसवण्याआधी, नीटनेटकेपणा म्हणून ती नोंदीची फालतू ओळ पुसून टाकली.

दुपारी चारला, ऐन भेटीच्या वेळी, सात नंबरच्या स्क्रीनवरची रेघ सरळ झाली.

"अहोऽऽ!" सासूबाईंनी हंबरडा फोडला. मेहुण्याने कपाळ बडवून घेतलं. डॉक्टर धावत आले आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला लागले.

"बरगड्या मोडाल की!" सासरे गरजले. "मेलंय कोण?"

मग काय, रडता रडता सगळे हसू लागले. "मशीन अगदी तुमच्यावर गेलंय हो, जावईबापू," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नुसतं बोलायला पुढे!"

जावईबापू तेवढे हसले नाहीत. मशीन मनाने रेघ काढत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ती सरळ रेघ दुसऱ्या कुणाची तरी होती.

त्यांनी मधला पडदा सारला. आठ नंबरच्या स्क्रीनवर हिरवी रेघ झोकात उड्या मारत होती. बहात्तर, बहात्तर. खाटेवर एक म्हातारे मास्तर निजलेले, आणि शेजारी स्टुलावर त्यांची बायको त्यांची नखं कापत बसली होती.

"हळू हो," ती ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "चार दिवसांनी आज कुठे शांत झोपलेत."