पाठीवरची गाठ आणि किलोभर इमरती

आजारपणाला घाबरणाऱ्यांतला मी नाही! पाठीवर लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा बायकोला, प्रेरणाला, ठणकावून सांगितलं, "चरबीची गाठ आहे. दवाखाना कशाला?"

गाठ मोसंबीएवढी झाली, तेव्हा मात्र मुकाट्यानं गेलो.

सोनोग्राफी म्हणाली, चरबी. एमआरआय म्हणाला, चरबीच, पण नेहमीची नाही. सुईनं तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला. "हायबर्नोमा! फार दुर्मीळ हो! मी पहिल्यांदाच पाहतेय!"

त्यांनी आणखी दोन डॉक्टर बोलावले. तिघंही माझी पाठ दाबून खूश! पुढं बाई बरंच बोलल्या, पण 'दुर्मीळ' ऐकल्यावर माझं डोकंच चालेना. आठवड्यानंतरची ऑपरेशनची तारीख तेवढी कळली.

घरी प्रेरणाला एवढंच सांगितलं, "दुर्मीळ आहे," आणि पंख्याकडं बघत बसलो. तिनं लगेच वैजापूरला माझ्या भावाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी थोरले रामकिसनदादा गारखेड्यात आमच्या घरी हजर. डोळे लाल. "गड्या, काय खावं वाटतंय ते सांग. मनात काय ठेवू नको!"

मला घाम फुटला. आमच्या घरात हा प्रश्न माणसाला शेवटीच विचारतात!

"इमरती," मी पुटपुटलो.

शुगरपायी आठ वर्षं जिनं माझ्या चहात साखरेचा दाणा पडू दिला नाही, ती प्रेरणा गुलमंडीवरून किलोभर इमरती घेऊन आली. मग तर माझी खात्रीच पटली. लासूर स्टेशनहून केसरआत्या पुरणपोळ्या घेऊन आली. "खाय लेकरा. आता कशाचं पथ्य!"

आठवडाभर रडत रडत खाल्लं. लई गोड लागलं, खोटं कशाला बोलू!

ऑपरेशनच्या दिवशी सगळे खाटेभोवती मुसमुसत उभे. डॉक्टरबाई आल्या आणि चक्रावल्या. "रडताय कशाला? हा कॅन्सर नाही. काढली की संपलं! यांना त्या दिवशी तीनदा सांगितलं!"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंखा शोधू लागलो.

तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. "शुगर चारशे दहा? काय खाल्लंत हो?"

दादा खिडकीबाहेर बघू लागले. आत्यानं तोंडाला पदर लावला.

"गाठीपासून काही धोका नव्हता," बाई म्हणाल्या. "पण या शुगरवर मी कापणार नाही. महिनाभर पथ्य!"

सध्या मी कारल्याचा रस पितोय. गाठ जागच्या जागी आहे. काल हळूच फ्रिज उघडून उरलेल्या चार इमरत्या शोधल्या, तर मागून प्रेरणा म्हणाली, "तुम्ही वाचलात ना, त्या आनंदात वाटून टाकल्या!"