भिवबाच्या मोपेडचा टॉप

बाळांनो, एका जंगलात मोपेड आल्या. कशा आल्या ते विचारू नका. शेजाऱ्यांनी घेतली म्हणून तुमच्या घरी आली ना, तशाच आल्या.

त्या जंगलात भिवबा नावाचं एक भेकर राहत होतं. भेकर दिसायला हरणासारखं, पण ओरडलं की थेट कुत्रं. "भॉक्!" एकदा ओरडलं की दोन टेकड्यांपलीकडचा ससासुद्धा बिळात शिरतो. भिवबाच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच काम होतं. खाली दरीत वाघ राहायचा आणि वर पठारावर पाणवठा होता. संध्याकाळी वाघ दरीतून निघाला की भेकरानं खालून ओरडायचं आणि पाणवठ्यावरच्यांनी पळायचं.

मोपेड आल्यावर मात्र नुसतं ओरडणं गावंढळ दिसायला लागलं. जंगलसभेनं ठराव केला, की यापुढे सूचना वाहनावरून जाऊन द्यावी. भिवबानंही मोपेड घेतली. खरं सांगायचं तर ती त्याला फार आवडली. वाघ दिसला की तो किक मारायचा, वाघाच्या आधी पठार गाठायचा आणि तिथं जाऊन ओरडायचा. सपाटीला गाडी पंचेचाळीस जायची आणि चढालाही तीसच्या खाली यायची नाही.

सगळं बरं चाललं होतं. एक दिवस सरकू मुंगूस पाणवठ्यावर म्हणाला, "पंचेचाळीस? फक्त? माझी साठ जाते."

झालं! सभेचे अध्यक्ष अण्णा गवा यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, ज्याच्या गाडीचा टॉप, म्हणजे सर्वांत जास्तीचा वेग, जास्त, त्याला सूचकाचं पद. चाचणी पंधरा दिवसांनी.

भिवबाची झोप उडाली. आजोबांनी केलेलं, वडिलांनी केलेलं काम एका मुंगसाच्या हाती जाणार? तो तडक दामू मिस्त्रीकडे गेला. दामू म्हणजे साळिंदर. कार्बोरेटर साफ करायला तार मिळाली नाही की हा पाठीवरचा काटा उपसून घ्यायचा. त्यामुळे गॅरेज जोरात चालायचं आणि मिस्त्रीची पाठ विरळ होत चालली होती.

"टॉप पाहिजे ना?" दामू म्हणाला. "मग व्हेरिएटरमध्ये जड रोलर घालू. आणि सायलेन्सरची पुंगळी करून टाकू. आतली जाळी काढली की धूर मोकळा सुटतो."

"करा की मग."

"पण पिकअप बसेल हं. चढाला कुंथेल गाडी."

"मिस्त्री, चढाचं कोण विचारतंय? तुम्ही टॉपचं बोला."

दामूनं पाना उचलला. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून वाद न घालणं हासुद्धा त्याच्या धंद्याचाच भाग होता.

पंधरा दिवस जंगलात दुसरा आवाज नव्हता. फट्-फट्-फट्! चितळांच्या कळपातली चंद्राक्का एका पायानं अधू होती. ती एकदा भिवबाला थांबवून म्हणाली, "अरे, ही धावपळ कशाला करतोस? पूर्वीसारखा खालूनच ओरड की. मला तेवढीच पळायला सवड मिळते."

"आक्का, आता तसं नाही चालत," भिवबा म्हणाला आणि रेस देऊन निघून गेला.

चाचणी पठारावर झाली. सभा नेहमी तिथंच भरते. तिथं सावली आहे आणि अण्णांचे गुडघे दुखतात. म्हणून गाड्या पठारावरून खाली दरीकडे सोडल्या. मुंगूस साठ गेला. भिवबा गेला बहात्तर! अण्णांनी त्याला प्रमाणपत्र दिलं आणि नियम वाचून दाखवला, की ड्युटीवर गाडी बंद करायची नाही. गळ्यात हार पडला. भिवबानं तो घरी पोचेपर्यंत खाऊन टाकला.

वाघ खालून वर येतो, ही गोष्ट त्या दिवशी कुणालाच आठवली नाही.

दुसऱ्याच संध्याकाळी वाघ निघाला. भिवबानं किक मारली. गाडी फटफटली, तिनं धूर ओकला आणि चढाला लागताच मान टाकली. वेगाचा काटा नवावर. तेवढ्यात शेजारून वाघ चालत आला.

"नवीन सायलेन्सर का रे?" वाघानं विचारलं.

"हो."

"कुठं निघालास?"

"तुम्ही येताय, ते सांगायला."

"सावकाश ये. मी होतो पुढं."

भिवबा ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. वर पाणवठ्यावर पुंगळीचा आवाज चांगला पोचत होता, पण तो तर पंधरा दिवस रोज पोचत होता. "भिवबाचा सराव चाललाय," असं म्हणून सगळे पाणी पीत राहिले.

भिवबाला अधू पायाची चंद्राक्का आठवली. गाडी बंद केली तर पद जाणार. तो क्षणभर थांबला. त्या क्षणाची त्याला पुढं जन्मभर लाज वाटली. मग त्यानं चावी फिरवली.

"भॉक्!"

पाणवठा रिकामा झाला. चंद्राक्काच्या शेपटीचे चार केस तेवढे वाघाच्या पंजात राहिले.

चौकशी बसली. "तुझी गाडी बहात्तर जाते ना?" अण्णांनी विचारलं.

"जाते."

"मग वाघ पुढं कसा गेला?"

"अण्णा, चढ होता."

अण्णांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. "यात चढ कुठंय?"

प्रमाणपत्रात चढ नव्हता. ड्युटीवर गाडी बंद करून विनावाहन ओरडल्याबद्दल भिवबाला काढलं आणि ओरडायला बंदी घातली. पद मुंगसाला मिळालं. त्यानं तोवर दामूकडून आणखी जड रोलर घालून घेतले होते. उतारावर ऐंशी!

त्या दिवशी चंद्राक्का लंगडत दरीपर्यंत उतरली. "ओरडशील ना रे?" तिनं विचारलं.

"मला बंदी आहे, आक्का."

"मग जाळीत बसून ओरड. बंदी दिसणाऱ्याला असते."

तेव्हापासून भिवबा रोज संध्याकाळी करवंदीच्या जाळीत बसतो. वाघ निघाला की ओरडतो आणि वर सगळे पळतात. पाऊण तासानं मुंगूस धुरानं काळा होऊन पठारावर पोचतो आणि मोकळ्या पाणवठ्याला ओरडून सांगतो, "वाघ आला!" तोवर वाघसुद्धा पाणी पिऊन परत गेलेला असतो.

वर्षाच्या शेवटी अहवाल आला. ऐंशीची गाडी आल्यापासून एकही प्राणी खाल्ला गेलेला नाही. मुंगसाला शाल आणि श्रीफळ मिळालं. भिवबा मागच्या रांगेत उभा होता.

"तुझं नाव कुठंच घेतलं नाही रे," चंद्राक्का कळवळून म्हणाली.

"नकोच, आक्का," भिवबा म्हणाला. "नाव आलं की चौकशी येते."

तात्पर्य: बाळांनो, गाडीचा टॉप वाढवला की जीव वाचतात, हे अगदी खरं आहे. फक्त खाली जाळीत एक ओरडणारा बसवून ठेवावा आणि अहवालात त्याचं नाव घालू नये.