डिंकाने दगा दिला

जुनी पानं कशी सांभाळावीत, हे मला कोणी शिकवू नये! पानं म्हणजे सुपरहिरोंच्या कॉमिकची, चित्रकाराने स्वतःच्या हाताने शाईत काढलेली मूळ पानं. माझ्याकडे एकतीस आहेत. ती बघायला आजवर घरी आलेली माणसं शून्य. गॅसची तपासणी करणारा एकदा आला होता, पण तो गॅस बघून गेला.

"अरे, कागद जमवतोस त्यापेक्षा माणसं जमव!" ताई दर फोनला सुनावते. तिचं काय जातं सांगायला? निवृत्त झाल्यापासून दिवसभरात मी मोठ्याने बोलतो ते एकच वाक्य, "अर्धा लिटर द्या." आणि तेही दूधवाल्याला पाठ झालंय, त्यामुळे हल्ली तो बोलूच देत नाही.

मग एका प्रदर्शनात दातांचे एक डॉक्टर भेटले. त्यांनाही हाच नाद! "रविवारी अकराला येतो," म्हणाले. मी आठवडाभर हवेत. रविवारी सकाळी फरशी पुसली, सगळ्यात देखणं पान टेबलावर मांडलं आणि फरशी लवकर वाळावी म्हणून पंखा पाचावर केला.

इथे शहाणपण नडलं. पूर्वी संवादांचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून, कापून, चित्रावर डिंकाने चिकटवत. चाळीस वर्षांत त्या डिंकाचा झाला होता भुगा! बघता बघता चौदा फुगे खोलीभर उडाले. मी सोफ्याखाली रांगत असतानाच बेल वाजली.

"आलो, आलो!" ओरडत मी डिंकाची बाटली शोधली आणि हाताला येईल तो फुगा दिसेल त्या तोंडाला चिकटवला. तेरा सापडले. चौदावा गायब!

डॉक्टर बूट काढून आत आले, चष्मा चढवला आणि वाचू लागले. नायकाची आई दारात उभी राहून म्हणत होती, "शरण ये, नाहीतर हे शहर बेचिराख करीन!" आणि गच्चीवरचा तीन मुंडक्यांचा राक्षस म्हणत होता, "बाळा, स्वेटर घालून जा."

मी डिंकाची बाटली पाठीमागे लपवली. डॉक्टर मात्र गंभीर.

"छापील अंकात हे असं नाही."

"नाही," मी म्हणालो. यात खोटं काय होतं?

"म्हणजे हा पहिला खर्डा! संपादकाने दाबून टाकलेला! अहो, आमच्या मंडळाला दाखवायलाच हवा. पुढच्या रविवारी अकरा जणांना घेऊन येतो!"

अकरा जण! माझ्या घरात कप चार! खरं सांगितलं तर ते अकरा गेले आणि बारावे डॉक्टरही गेले. मी गप्प बसलो, अगदी निर्लज्जपणे. मग दोन तास आम्ही चित्रकारांवर, शाईवर, कागदावर बोललो. माझा घसा बसला. इतकी सवय मोडली होती.

निघताना डॉक्टर बूट घालायला वाकले, तर मोज्याच्या तळव्याला फुगा! त्यांनी तो सोलून काढला आणि मोठ्याने वाचला, "मी एकटाच पुरेसा आहे!"

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. नायक तोंड उघडून मुकाट उभा होता. मीही.

शेवटी सगळं सांगून टाकलं. पंखा, रांगणं, डिंक. "आणि खरं कळलं की तुम्ही परत यायचे नाहीत, असं वाटलं," हेसुद्धा सांगितलं. हे सांगायची काही गरज नव्हती.

 डॉक्टरांनी एका पायात घातलेला बूट परत काढला.

"मंडळ रद्द," ते म्हणाले. "कापूस आणि चिमटा आहे का?"

दातांचा माणूस तो! एकेक फुगा असा उपटला की कागदाला कळलंसुद्धा नाही. तासाभरात चौदाही संवाद आपापल्या तोंडी गेले. डॉक्टरांनी हात धुतले, घड्याळ पाहिलं.

"झालं की काम. बाकीची पानं ठीक आहेत ना?"

त्या पानांना कुठला डिंक वापरला होता कोण जाणे, तीसच्या तीस पानं ठणठणीत होती.

"बसा हो, बघून सांगतो," म्हणत मी आतल्या खोलीत गेलो, दार लोटून घेतलं आणि एका धडधाकट पानावरचा फुगा नखाने हळूच उचकटायला लागलो. मेला चांगलाच चिकटला होता!