सोळा संस्कारांची बादली

एका जंगलात, मुलांनो, विहीर एकच होती आणि बादलीही एकच. नीट बसा. शेपट्या आवरा. तुम्हाला नाहीत? मग हात आवरा.

ही बादली भागाबाई नावाच्या अस्वलिणीने घडवली होती. सहलीला येणारी माणसं जाताना प्लास्टिकच्या पिशव्या टाकून जात. भागाबाई त्या धुवायची आणि भट्टीत वितळवायची. पण नुसतं प्लास्टिक पडलं लेचंपेचं. भरली बादली उचलली की तिची कड वाकायची. मग भागाबाईने नदीकाठची चिकणमाती वाळवली, वस्त्रगाळ केली आणि वितळलेल्या प्लास्टिकात घोटली. बादली ताठ झाली.

माती मात्र सगळीकडे सारखी मिसळली नव्हती. पिठल्यात राहतात तशा गुठळ्या राहिल्या. भागाबाईने बादली पुन्हा वितळवली, पुन्हा घोटली. आता गुठळ्या मोडल्या. बोटाने वाजवली की बादली टण् बोलायची. उरलेल्या मालाचा तिने एक लोटा केला आणि आपल्या दोन पिलांसाठी गुहेत ठेवून दिला.

जंगलात एक पुनर्वापर मंडळ होतं. गवेराव त्याचे अध्यक्ष. गवेराव म्हणजे गवाच. शिंगं मोठी, आणि दोन शिंगांच्या मधली जागाही बरीच मोकळी.

"भागाबाई," गवेराव म्हणाले, "तुम्ही हे पुन्हा वितळवून पुन्हा घडवता, त्याला काय म्हणतात?"

"वितळवनं म्हंत्यात, सायेब."

"छे! त्याला संस्कार म्हणतात. दोन संस्कारांत बादली एवढी सुधारली. सोळा केले तर?"

"दुसऱ्यांदा केलं ते गुठळ्यांपायी. आता पुरं. प्लास्टिकचं धागं लांब असत्यात, म्हनून ते चिवट. दर आचेला ते तुटत्यात."

"तुमचा संस्कारांवर विश्वास नाही?"

भागाबाई भट्टी पेटवायला गेली.

दर पौर्णिमेला एक संस्कार होऊ लागला. आधी भाषण, मग भट्टी, मग चहा. पाचव्या संस्काराला बादली पिवळट झाली. नवव्याला ती चहाच्या रंगाची झाली आणि तिला करपल्याचा वास येऊ लागला. पूर्वी माल भट्टीतून जड जड ओघळायचा. आता तो पाण्यासारखा पळू लागला.

"बघा, किती नम्र झाला!" गवेराव म्हणाले.

मंडळाची चाचणी एकच होती. कड दाबून बघायची. कड वाकेना. अहवालात लिहिलं गेलं, ताठपणा उत्तम. एकदा आपटूनही बघा, असं भागाबाईने सुचवलं. संस्कार चालू असलेली वस्तू आपटणं अशुभ, असं ठरलं. भागाबाईने गुपचूप बोटाने वाजवून पाहिलं. टण् गेला होता. बादली टिच् म्हणाली.

"सायेब," तिने शेवटचं विचारलं, "सोळावा संस्कार कोनता असतो, ठावं हाय न्हवं?"

"यादी कार्यालयात आहे," गवेराव म्हणाले.

सोळावा संस्कार वैशाखात आला. नदी आटली होती. विहिरीचं पाणी पार तळाला गेलं होतं. बादलीला हार घातला. गवेरावांनी स्वतः दोर सोडला. बादली विहिरीच्या दगडाला जराशी लागली आणि तिचे तुकडे तुकडे झाले.

सोळावा असतो अंत्यसंस्कार. तुम्हाला ठाऊक होतं, मुलांनो. पण तुम्ही मंडळात नाही.

सगळे विहिरीत डोकावत उभे राहिले. भागाबाईच्या पिलांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. ती फार घाबरली. धावत गुहेत गेली, लोटा आणला, दोराला बांधला. आत सोडताना लोटा दोनदा दगडावर आपटला. टण्, टण्. आणि भरून वर आला.

पहिला लोटा अर्थातच गवेराव प्यायले. दुसरा पिलांना मिळाला. मग दिवसभर एकेक लोटा करत सगळं जंगल प्यालं.

"लोटा चांगला आहे," गवेराव ओठ पुसत म्हणाले. "याचे संस्कार किती झालेत?"

भागाबाईने पिलांकडे पाहिलं. दोन म्हणावं, तर लोटा उद्याच भट्टीत जाणार. आयुष्यात ती कधी खोटं बोलली नव्हती.

"सोळा," ती म्हणाली. "घरच्या घरी उरकलं, सायेब."

गवेरावांचे डोळे भरून आले. "बघितलंत? म्हणजे बादलीच्याच संस्कारांत काहीतरी कसर राहिली!"

तिथल्या तिथे ठराव झाला. पुढच्या बादलीला बत्तीस.

भागाबाईने लोटा पदराखाली घेतला, पिलांना पुढे घातलं आणि झपझप घर गाठलं.

तात्पर्य : संस्कार सोळाच्या सोळा झालेच पाहिजेत. दोन वस्तूवर करावेत आणि उरलेले चौदा कागदावर.