तांतीचा विटाळ

तलावावरून आंघोळ करून येताना वासुदेवराव तुलारामकडे चहाला थांबले आणि आपलं ओलं उपरणं त्यांनी अंगणातल्या दोरीवर वाळत टाकलं. ती दोरी नव्हती. ते बोकडाचं आतडं होतं. कालच धुऊन, पीळ देऊन, दोन खुंटांना ताणून ठेवलेलं.

चहा झाला. उपरणं खांद्यावर घेऊन वासुदेवराव उठले, तर मांजर पायात घुटमळायला लागलं. हाकललं तर खांद्याकडे उडी घेऊ लागलं.

"अवो सुलोचनाबाई, हे मांजर काहून चढून राहिलं माह्या अंगावर?"

"बोकड्याचा वास येत असन जी," तुलारामची बायको म्हणाली. तिला खोटं लगेच सुचत नसे. "आतड्यावर वाळू घातलं ना तुमी."

वासुदेवराव आंधळगावच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती माळ खुंटीला टांगून ते काय खातात, हे गावाला ठाऊक होतं. गाव बोलत नसे, कारण त्या दिवशी गावाच्याही माळा खुंटीलाच असत. पण खाणं वेगळं आणि उपरण्याला लागणं वेगळं. ते परत तलावावर गेले, उपरण्यासकट बुडी मारून आले आणि संध्याकाळी देवळात बैठक बोलावली.

आरोपी तुलाराम. पुरावा त्याच्या हातात होता. बापानं भोपळ्याची केलेली एकतारी. बाकीच्यांच्या एकतारीला लोखंडी तार असते. हिची मान नाजूक, लोखंडाच्या ताणानं एकदा चिरली होती. म्हणून बापानं पिळलेल्या आतड्याची तांत लावली आणि त्या तांतीतून असा भरलेला, उबदार सूर निघाला की पुन्हा तारेचं नाव निघालं नाही. दिवसभर धानाच्या बांधीत वाकलेला तुलाराम ही एकतारी हातात असली म्हणजेच ताठ बसे. त्याच्या घरात ताठ म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

"देवापुढे आतडं वाजवते!" वासुदेवराव कडाडले. "तेही इतके वर्षं!"

"मंग मुरदंगाले काय कागद लावला हाय का जी?" तुलाराम म्हणाला. "तेही बोकड्याचंच हाय."

मृदंग वाजवत होता इश्वर, अध्यक्षांचा साळा. सगळी बैठक मृदंगाकडे पाहू लागली. इश्वरनं तो हळूच मांडीखाली घेतला.

"ते कातडं हाय," वासुदेवराव म्हणाले. "कातडं भायेर असते. आतडं आत असते. आतलं घान असते, भायेरचं नाई. येवढंही समजत नाई का तुले?"

बैठकीनं माना डोलावल्या. हा न्याय. असल्या न्यायावर आपली देवळं उभी आहेत आणि पडतही नाहीत.

"एक तं तांत काढ, नाई तं मंडळ सोड."

तुलारामनं तांत काढली. मंडळ सोडलं असतं तर घरी एकट्यानं कोणासाठी वाजवायचं होतं? तलावावरच्या जागेश्वर ढिवराकडे नायलॉनचा दोरा आला होता. सगळीकडे नवलाई होती त्याची. तुटत नाही, कुजत नाही. अध्यक्षांनी तोच लावायला सांगितला.

"मासोळीच्या गळाचा हाय जी हा," तुलारामनं अध्यक्षांना सांगून पाहिलं. "वासही येऊन राहिला."

"कारखान्यात बनते तो. त्याले जीव नसते. बांध!"

दोरा बांधला. बांधून छेडला तर आवाज आला एखाद्या सर्दी झालेल्या माणसासारखा. आणि त्याचा दुसरा गुण तुलारामला रात्रीपर्यंत कळला. नवं नायलॉन ताणत राहतं. खुंटी पिळावी, सूर लागावा आणि पाच मिनिटांत तो खाली उतरावा.

"बारशाच्या आधी बदलू द्या जी. पाया पडतो."

"विटाळ करतो का बारशाले?"

बारसं होतं करडीच्या धनीरामकडे, नातवाचं. वैशाखाची दुपार, मांडवात पाव्हणे, एका कडेला खाटेवर धनीरामचा म्हातारा बाप दादाजी डोक्यावरून पांढरी चादर घेऊन झोपलेला, माश्या लागतात म्हणून. मंडळाकडे पेटी नव्हती. सगळे सूर घेत ते तुलारामच्या एकतारीवरून. इश्वरला सुराशी कधीच घेणं-देणं नव्हतं, तो नुसता मारत असे.

पहिला अभंग बरा गेला. मग उन्हानं दोरा सैल पडू लागला. सूर एक पायरी उतरला. वासुदेवराव त्याच्यामागे एक पायरी उतरले. त्यांच्यामागे मंडळ. तुलाराम डाव्या हातानं खुंटी पिळतोय, घाम गळतोय, आणि दोरा ढिला पडतोच आहे. चौथ्या अभंगाला सगळं मंडळ छातीच्या तळातून कण्हत होतं. आवाज खाली गेला तशी लयही मंदावली. कोणाला कळलं नाही, कारण सगळे बरोबरच बुडत होते.

पलीकडच्या गल्लीत मनकर्णाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी कान दिला. असं भजन त्यांनी फक्त मयतीत ऐकलं होतं. सूप टाकून त्या धावल्या. मांडवात पांढऱ्या चादरीखालचा दादाजी दिसला आणि त्यांनी खाटेवर अंग टाकलं.

"अवो माय वो! सकाळी तं तमाखू मागून गेले होते वो मामाजी!"

त्यांचं ऐकून आणखी बाया आल्या. बायांचं ऐकून पुरुष आले, एक जण तर बांबू तोडायला कुऱ्हाड घेऊनच आला. पाळण्यातलं पोरगं टाहो फोडू लागलं. मंडळाला वाटलं, आपलं भजन आज फारच लागलं आहे. ते आणखी खाली गेले.

चादर हलली. दादाजी उठून बसला. मनकर्णाबाई किंचाळून मागे पडल्या.

"कोन मेलं बे?" दादाजीनं विचारलं.

सगळे त्याच्याकडेच पाहत होते. त्यानं स्वतःची छाती चाचपून पाहिली.

"वासुदेवराव!" धनीराम ओरडला. "माह्या नातवाचं बारसं हाय का बापाची मयत?"

"ह्या तुलारामची एकतारी," अध्यक्षांनी बोट दाखवलं.

तुलारामच्या मनात आशा उगवली. आता तरी कळेल. तो उठून म्हणाला, "तांत लावू द्या जी. घरी ठेवली हाय, आत्ता आनतो."

"थांब बे!" दादाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "धन्या, गप बस. असं भजन मी जिंदगीत आयकलं नाई. झोपेत वाटलं, सारे मले रडून राहिले. जिवंतपनी कोन रडते बाप्पा आपल्याले? वासुदेवराव, माह्या टायमाले हेच पायजे. हाच दोरा."

बाया पुन्हा रडल्या. या वेळी मनापासून.

महिन्याभरात करडीच्या दोन मयती मंडळानं केल्या, मग मोहाडीकडून निरोप आला, मग दिघोरीहून बैलगाडी आली. म्हातारे आपापल्या पोरांना बजावून ठेवू लागले. वासुदेवरावांनी नवं उपरणं घेतलं आणि ठराव केला की दोरा बदलायचा नाही.

तुलाराम आता प्रत्येक मयतीत पुढे बसतो, वाकून. लोक म्हणतात, किती हळवा माणूस, परक्याच्या मेल्याचं केवढं दुःख! एकदा स्मशानातून परतताना त्यानं अध्यक्षांना गाठलं.

"मयतीत नायलॉन वाजवतो जी, ना नाई माही. पन एखाद्या बारशाले तरी तांत लावू द्या."

वासुदेवरावांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"बारशाले? येड्या, बारशाले आता आपल्याले बोलावते कोन?"