दोन कुबड्यांची गुढी

धीर कसा धरावा हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या! मी हिमनद्यांवर एम.एस्सी. केलंय. वर्षभरात जेमतेम खोलीभर सरकणाऱ्या वस्तूकडे टक लावून बसायची मला सवय आहे! त्यामुळे इथे कॅनडात, एडमंटनच्या निसरड्या फुटपाथवर घोटा मोडला, तेव्हा मी जराही डगमगले नाही. पुढच्या महिन्यात आमची टीम हिमनदीवर निघणार होती. तोवर पाय बरा झाला तर मी जाणार, नाहीतर माझ्या जागी लॅबमधला गंधार. साधं गणित!

"पाय जमिनीला टेकवायचा नाही," फिजिओ हेदरनं बजावलं. "हाड आपल्या वेगानं जुळतं."

"उत्प्रेरक वगैरे काही?"

"आहे ना. सोफा!"

सोफ्यावर मी इतकी बसले, की सोफ्याला माझा आकार आला. पाडव्याच्या सकाळी तर अंगात मुंग्यांचं वारूळच!

"ऊर्मी, मी श्रीखंड घेऊन येते," रूममेट यामिनी बूट चढवत म्हणाली. "गुढी मी आल्यावर उभारू. हलायचं नाही हं!"

"मी कुठे जाणारेय, बाई?"

दार लागलं आणि मी उठले. सूर्य वर चढत होता हो! आईनं दिलेली जरीची साडी होती, तांब्याचा गडू होता, साखरेच्या गाठी होत्या, कडुनिंबाऐवजी कढीपत्ता होता. काठी तेवढी नव्हती. मग नजर कुबडीवर गेली. अॅल्युमिनियम! हलकं, मजबूत, गंजत नाही. पण एका कुबडीची गुढी म्हणजे बालवाडीतली गुढी! म्हणून बाल्कनीतल्या खुर्चीत बसून मी दोन्ही कुबड्या एकीवर एक बांधल्या, साडी नेसवली, गडू उपडा घातला आणि सगळं कठड्याला आवळलं. अख्ख्या अल्बर्टात एवढी उंच गुढी नसेल!

नमस्कार केला आणि आत जायला कुबड्या शोधू लागले.

कुबड्या वर होत्या. साडी नेसून.

फोन आत. पाय टेकवला तर हिमनदी गेली. लंगडी घालावी तर बर्फावर दुसरा घोटाही जाणार. रांगावं तर प्लास्टर भिजणार. गुढी सोडावी, तर सूर्यास्ताआधी? वर्षाच्या पहिल्याच दिवशी? विज्ञानाची पदवी आपल्या जागी, पण आईला काय सांगू? बाहेर उणे बारा! दातांचं लेझीम सुरू झालं.

इतक्यात समोरच्या इमारतीतले आजोबा त्यांच्या बाल्कनीत आले. त्यांना दिसली प्लास्टरमधली मुलगी आणि कुबड्यांना बांधलेलं, फडफडणारं लाल कापड.

"आर यू इन ट्रबल?"

"नो, नो! हॅपी न्यू इयर!"

"इट्स मार्च!"

"येस! न्यू इयर!"

"ओ डिअर!" म्हणत ते आत पळाले. थोड्याच वेळात खाली बंब! भोंग्यासकट!

श्रीखंड घेऊन आलेल्या यामिनीच्या मागोमाग तीन धिप्पाड जवान घरात शिरले. थंडीनं माझं डोकं फिरलंय अशी त्यांना वर्दी होती. एकानं गुढीला हात घातला.

"नोऽऽ!" यामिनी आणि मी एका सुरात किंचाळलो. बिचाऱ्यानं दोन्ही हात वर केले.

शेवटी मला खुर्चीसकट उचलून आत आणलं. यामिनीनं रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या हातावर कढीपत्ता आणि गूळ ठेवला. त्यांनी चघळत एकमेकांकडे जे पाहिलं, ते आगीतही पाहिलं नसेल.

"सांगितलं होतं ना, हलू नकोस!" ते गेल्यावर यामिनी कडाडली.

"पण पाय नाही टेकवला!"

पुढच्या तपासणीला हेदर एक्स-रे पाहून खूश! "हाड सुंदर जुळतंय. इतका धीर फार कमी पेशंट धरतात!" माझी मान ताठ. मग तिचं लक्ष प्लास्टरबाहेरच्या बोटांकडे गेलं.

"ही वांग्यासारखी का दिसतायत?"

"बाल्कनी."

"आणि मोजा?"

"खाज येत होती..."

फ्रॉस्टबाइट! यंदा बर्फावर पाऊल ठेवायला सक्त मनाई!

हिमनदीवाल्या बाईला भाड्याच्या बाल्कनीत थंडीनं गाठलं, हे निदान लॅबमध्ये कळू नये, एवढीच माझी इच्छा होती. पण यामिनीच्या पोटात काही राहील तर शपथ!

काल गंधारचा फोटो आला. मागे निळीशार हिमनदी. खाली एकच ओळ, "मोजे घातलेत."